महादेवराव मास्तरांची ओझोनची पेटी

बायकोचा, सोजराबाईंचा हात आठ दिवसांत बरा करून दाखवतो, असं महादेवराव मास्तरांनी मोताळ्याच्या बाजारात सांगून टाकलं. दीड महिन्यापासून बाईंच्या उजव्या हातावर पुवाचे फोड उठत होते. एक सुकला की दोन नवे. मास्तर पेन्शनीत निघाल्यापासून मुंबईची वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचत. त्यातूनच त्यांनी टपालानं ओझोनची पेटी मागवली. दांडा फिरवला की काचेच्या नळीत निळी ठिणगी नाचायची आणि वीज पडल्यावर येतो तसा वास सुटायचा. त्या हवेनं फोडातले जंतू मरतात, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं.

"त्यापरीस शेगावले जाऊ ना जी," सोजराबाई म्हणाल्या. "जावई दवाखान्यातच हायेत."

"तो बाटल्या धुते तिथं."

हेच वाक्य मास्तर चार वर्षांपूर्वी जावयाच्या तोंडावर बोलले होते. तेव्हापासून लेक अन्नपूर्णा माहेरी फिरकली नव्हती.

ओझोन वाया जाऊ नये म्हणून मास्तरांनी दारंखिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि पाऊण तास दांडा फिरवला. फोड होते तसेच राहिले. दोघांचे घसे मात्र सोलून निघाले. सोजराबाई खोकत मागच्या दारानं विहिरीकडे पळाल्या. मास्तर पुढच्या दारानं ओसरीवर आले. डोळ्यांना धारा, आवाज पार बसलेला.

शेजारचा तुळशीराम धावत आला. "काय झालं मास्तर? काकू कशा हायेत?"

आत जाऊ नको, एवढंच मास्तरांना सांगायचं होतं. शब्द फुटेना, म्हणून त्यांनी नुसता हात हलवला.

तुळशीरामनं टोपी काढली. तशीच सायकल काढून त्यानं नांदुरा गाठलं आणि अन्नपूर्णेला कळवायला तिथून रेल्वेनं शेगाव.

सोजराबाई तोंड धुऊन परत आल्या, तर ओसरीवर बाया रडत बसलेल्या.

"कोन गेलं वो?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा गावात शिरली ती रडतच. आई चुलीपुढे डाव्या हातानं भाकर थापत होती. लेक मटकन खाली बसली. मास्तर म्हणाले, "आली ते बरं केलं. पेटी पाह्यतं काय?"

अन्नपूर्णेनं आईच्या हातावरची चिंधी सोडली, पाहिलं, परत बांधली. दुपारच्या मोटारीनं ती आईला घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. रोज गरम पाण्यानं धुऊन, जावयानं मलमपट्टी करून हात बरा झाला होता. मास्तरांनी लगोलग विचारलं, पुन्हा फोड उठू नयेत म्हणून पेटी घेऊन येऊ काय?

उत्तर आलं, 'पेटी आणू नये.'

मास्तरांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. तुम्ही या, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.