नानांचा तीस सेकंदांचा कॅमेरा

आमच्या शेजारचे भीमराव नाना कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिची परेड घेतात. छत्री घ्यायची तर ती उघडून दुकानाबाहेरच्या नळाखाली उकिडवे बसतात. पलंग घेताना त्यांनी दुकानातच दुपारची झोप काढली होती. दुकानदाराने उठवलं तेव्हा म्हणाले, ‘थांब गड्या, पाठीचा रिपोर्ट अजून आला न्हाई.’ लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोरेगावला आले त्याला वीसेक वर्षं झाली, पण बोलण्यातली फौज काही गेलेली नाही.

तर अशा माणसाने दिवाळीनंतर काकींना घेऊन महाबळेश्वर बघायचं ठरवलं आणि त्यासाठी कॅमेरा घ्यायला मला साताऱ्याला नेलं. मी शाळामास्तर, त्यात माझ्याकडे गाडी. म्हणजे कॅमेऱ्यातलं मला कळतं असा त्यांचा समज. मला काही कळत नाही. पण ‘मला कळत नाही’ म्हणायची मास्तरांना सवय नसते, म्हणून गेलो.

‘नाना, तुमच्या मोबाईलात फोटो चांगले येतात की,’ मी वाटेत म्हणालो.

‘मोबाईल नगं.’

‘का पण?’

‘नगं म्हंजे नगं, मास्तर.’

पहिल्या दुकानाच्या मालकीणबाई मेगापिक्सेल, झूम, लेन्स असं भराभरा सांगायला लागल्या. नानांनी हात वर केला. ‘बाई, कागदावरचं सांगू नगा, करून दावा. ह्यो आपला आपण फोटो काडतो का?’

‘टायमर आहे ना काका. दहा सेकंदांचा.’

नानांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला, समोरच्या काचेच्या कपाटापर्यंतची पावलं मोजली, बटण दाबलं आणि निघाले. आता नानांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. (‘गुडगा बर्फात ठिवून आलोय, मी तेवडा परत आलो.’) कॅमेरा पीं-पीं करतोय, नाना लंगडतायत, गिऱ्हाइकं अंग चोरून वाट देतायत. कपाट दोन पावलांवर असताना खटका वाजला. फोटोत नानांची पाठ आली. पाठ चांगली आली होती, मी तसं म्हणालोही.

‘परत,’ नाना म्हणाले.

पाचव्यांदाही पाठच आली. दुसऱ्या दुकानात तीच तऱ्हा. एव्हाना मला कडकडून भूक लागली होती आणि भूक लागली की माझा शेजारधर्म आटतो. ‘अहो, तिथं माणसांची जत्रा असते. कुणीही काढून देईल फोटो! मीच येणार आहे ना गाडी घेऊन, मी काढतो!’

‘तुमी तर न्हाईच न्हाई.’

मला राग आला. शेवटी तिसऱ्या दुकानात टायमर तीस सेकंदांपर्यंत लावता येणारा कॅमेरा निघाला. नाना पोचले, वळले, टोपी नीट केली, तरी वेळ उरला. फोटोत ते एका कडेला उभे आणि शेजारची माणूसभर जागा मोकळी. ‘मधोमध उभे राहा की,’ मी म्हणालो. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही, कॅमेरा बांधून द्यायला सांगितलं.

परतताना चहा-भज्यांना थांबलो. दोन भजी पोटात गेल्यावर नाना हळूच म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या काकीचा आन माजा जोडीचा एकबी फोटो न्हाई.’

‘असं कसं? तुमच्या घरात भिंतभर फोटो आहेत.’

‘नीट बगा एकदा. आमच्या दोगांत हर टायमाला एक माणूस हाय, न्हाईतर सायकल जाईल येवडी जागा. कुणी कॅमेरा धरला की ही लाजून सरकती लांब. आदी सासू-सासऱ्याला लाजायची, आता सुनंला लाजती. पोरानं मोबाईलाला काय करून ठिवलंय कुणास ठावं, हितं काडलेला फोटो पुण्याला सुनंच्या मोबाईलात जाऊन पडतो. तवा म्हणलं, कॅमेरा धरणारं माणूसच नगं.’ त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. ‘दोगांतलं एक आदी जाणारच की. मागं ऱ्हाईल त्यानं भिंतीकडं बगून कुणाशी बोलायचं, मदल्या माणसाशी?’

दुकानातल्या चिडचिडीची मला मनापासून लाज वाटली.

महाबळेश्वरला त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. एका पॉइंटवर, गर्दीपासून जरा बाजूला, नानांनी कॅमेरा दगडी कठड्यावर ठेवला, काकींना झाडाजवळ उभं केलं आणि मला हुकूम सोडला, ‘मास्तर, पाठ फिरवा. दरीकडं बगा.’

मी मुकाट्याने दरी बघत उभा राहिलो. मागे पीं-पीं सुरू झालं. नानांची पावलं ऐकू येत होती, एक जड, एक हलकं. मी मनात सेकंद मोजत होतो, आणि खरं सांगतो, स्वतःच्या निकालाच्या दिवशीही माझी छाती इतकी धडधडली नव्हती. पावलं थांबली. थोड्या वेळाने खटका वाजला.

मग नाना फोटो बघायला कठड्याशी आले असावेत, कारण त्यांचा आवाज जवळून आला. ‘आगं, ह्यात बी मदी जागा ऱ्हायली की गं.’ आवाज अगदी पडलेला होता.

मला वळून काहीतरी समजुतीचं बोलावंसं वाटलं, पण हुकूम मोडायचा धीर झाला नाही. आणि तेवढ्यात काकी म्हणाल्या, ‘आवं, मग परत लावा की. आन ह्या टायमाला सरळ माज्यापशी या. मी हात धरती तुमचा.’

पीं-पीं पुन्हा सुरू झालं. मी दरीकडेच बघत राहिलो.