कप्तान जेवतो कुठे?

सोमवारी सकाळी कामावर निघायच्या घाईत तपासनिसांनी स्वयंपाकघरातला नळ नेहमीप्रमाणे दोनदा उघडून दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "शनिवारी आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत."

"माहितीय."

"ग्रीसला जायचं होतं."

"माहितीय गं. पण रजा कुठे मिळाली? सात हजार नळ बाहेर जायचेत. ते तपासणार कोण?"

"मागच्या वर्षी पाच हजार होते. त्याच्या आधीच्या वर्षी तुमच्या कमरेत उसण भरली. त्याच्या आधी..."

तपासनिसांनी नळ उघडला. यादी पाण्याच्या आवाजात बुडवायचा हा त्यांचा जुना उपाय होता. पण तोही आता पंचवीस वर्षांचा झाला होता. बायकोने हात लांब करून नळ बंद केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर ग्रीस होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तपासनिसांनी हौसेने लावलेलं कॅलेंडर. पांढरी घरं, निळा घुमट, खाली समुद्र. "पुढच्या वर्षी इथे," असं तेव्हा त्यांनी म्हटलं होतं. तारखांची पानं कधीच फाटून गेली, चित्र तेवढं राहिलं. समुद्राचा रंग उडत उडत आता धुवून जुन्या झालेल्या बनियनसारखा झाला होता.

"ग्रीस राहू द्या," बायको म्हणाली. "माझे गुडघेही आता चढणीचे राहिले नाहीत. पण शनिवारी निदान एकदा ग्रीक जेवण घाला. खरं हं. पाटीवर ग्रीक आणि ताटात कायच्या काय, तसलं चालायचं नाही. एवढं जमलं तर मागचं सगळं माफ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ते चित्र काढीन आणि तिथे घड्याळ लावीन. निदान ते चालत तरी राहील."

तपासनीस दिवसभर बेचैन होते. तसे ते एरवीही बेचैनच असत. नळांच्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते, आणि जगात जिथे जिथे नळ आहे तिथे तिथे आपलं काम अर्धवट राहिलंय, असं त्यांना वाटे. लोकांच्या घरी गेले की ते पाणी मागत नसत, नळ कुठे आहे ते विचारत. त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी दोन गठ्ठे असत. हिरव्या पट्ट्यांवर छापलेलं होतं 'पास', लाल पट्ट्यांवर 'नापास'. खाली 'तपासणी विभाग' आणि त्यांची सही. मागचा डिंक त्यांनी स्वतः निवडलेला. नळाचा मुलामा निघेल, पण पट्टी निघणार नाही, असा तो डिंक होता. नळांपेक्षा विभागाला या डिंकाचाच अभिमान जास्त होता.

पण अडचण अशी, की तपासनिसांनी जन्मात ग्रीक जेवण खाल्लेलं नव्हतं. कारखान्यात कसं सोपं असतं. काचेच्या कपाटात एक मास्टर नळ ठेवलेला असतो. नवा नळ त्याच्याशी जुळला तर हिरवी पट्टी, नाही तर लाल. मास्टरच नसेल तर माणसाने जुळवायचं कशाशी? दुपारच्या चहापर्यंत त्यांनी याचं उत्तर काढलं. ग्रीक जेवणाचा मास्टर म्हणजे ग्रीक माणूस. ज्या हॉटेलात ग्रीक माणूस रोज आपल्या पायाने जाऊन जेवतो, ते खरं. गावात ग्रीक म्हणवणारी हॉटेलं तीन. शनिवारपर्यंत दिवस पाच. हिशेब बसत होता.

संध्याकाळी ते पहिल्या हॉटेलात गेले. हात धुवायला म्हणून आत गेले, तर तिथला नळ गळत होता. तपासनिसांच्या हाताने पुढचं काम डोक्याला न विचारताच केलं. खिशातून लाल पट्टी निघाली आणि नळावर बसली. मग ते टेबलाशी आले, वही उघडली, आणि मालकाला विचारलं, "तुमच्याकडे ग्रीक लोक जेवायला येतात का?"

"ग्रीक?" मालक गोंधळला. "ग्रीक असे... म्हणजे येतात की, सगळेच येतात."

"सगळे नकोत. ग्रीक."

"तसे ग्रीक नाही येत."

तपासनिसांनी वहीत फुली मारली, पाणीही न पिता उठले आणि निघून गेले. मालकाला हे विचित्र वाटलं. थोड्या वेळाने तो हात धुवायला गेला आणि त्याला ती लाल पट्टी दिसली. नापास. तपासणी विभाग. सही. त्याने ती नखाने खरवडली, मग चमच्याने, मग सुरीने. मुलामा निघाला. पट्टी जागची हलली नाही. एवढी घट्ट पट्टी सरकारशिवाय कोण लावणार? त्याने ताबडतोब मेव्हण्याला फोन लावला. गावातलं दुसरं ग्रीक हॉटेल मेव्हण्याचं होतं.

मेव्हण्याने ही बातमी आपल्या जुन्या भागीदाराला सांगितली. त्याचं तिसरं ग्रीक हॉटेल. दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, पण वाईट बातमी द्यायला बोलणं असावं लागत नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुटीत तपासनीस मेव्हण्याच्या हॉटेलात गेले. दारात मालक कडक इस्त्रीत उभा. पडदे निळे. नळ नवा. आणि खिडकीशेजारी, रस्त्यावरून नीट दिसेल अशा टेबलाशी, पांढऱ्या मिशांचा एक थोराड म्हातारा बसलेला.

"हे आमचे कप्तान," मालकाने विचारायच्या आत सांगितलं. "जन्माने ग्रीक. रोज इथेच जेवतात."

कप्तानाला तपासनीस ओळखत नव्हते, पण ऐकून होते. तीस वर्षांपूर्वी एक जहाज दुरुस्तीला म्हणून बंदरात आलं, ते दुरुस्त होऊन निघून गेलं आणि हा माणूस मागे राहिला. त्याचं काम इंजिनाला तेल घालायचं. पण त्या हुद्द्याला काय म्हणतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत.

"कसं आहे जेवण?" तपासनिसांनी विचारलं.

कप्तानाने मालकाकडे पाहिलं. मालकाने कप्तानाकडे पाहिलं. "फर्स्ट क्लास," कप्तान म्हणाला आणि मोठा घास घेतला.

संध्याकाळी तपासनीस हवेत तरंगत घरी आले. "सापडलं!" ते दारातूनच ओरडले. "साक्षात ग्रीक माणूस जेवत होता."

"एकदाच पाहिलात ना? तुम्हीच म्हणता, एका मापावर निकाल देऊ नये."

हे वाक्य त्यांचंच होतं, त्यामुळे त्यांना झोंबलं. दुसरं माप घ्यायलाच हवं होतं. तिसऱ्या हॉटेलात ग्रीक नाही एवढं दिसलं की झालं. बुधवारी संध्याकाळी ते तिथे गेले. खिडकीशेजारी कप्तान.

"हे आमचे कप्तान," भागीदार म्हणाला. "रोज इथेच जेवतात."

तपासनिसांचा पाय टेबलाखाली आपोआप हलू लागला. कप्तानाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या मुलाच्या चेहऱ्याने घास तोंडात घातला.

गुरुवारी दुपारी ते पुन्हा पहिल्या हॉटेलात. नळासकट बेसिनच बदललेलं. भिंतीवर निळा घुमट रंगवलेला, रंग अजून ओला. आणि खिडकीशेजारी कप्तान, चेहरा त्याच घुमटाच्या रंगाकडे झुकलेला.

"हे आमचे..."

"रोज इथेच जेवतात," तपासनिसांनी वाक्य पूर्ण केलं आणि ते तडक बाहेर पडले.

त्या दिवशी त्यांनी कारखान्यात एकच नळ चार वेळा तपासला आणि चहा समजून ग्लासातलं तेल तोंडाला लावलं. जो मापाचा गेज प्रत्येक भोकात बसतो, तो गेजच आधी तपासून घ्यावा लागतो, हे त्यांनी शिकाऊ लोकांना शंभरदा सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी ते मेव्हण्याच्या हॉटेलासमोर दबा धरून उभे राहिले आणि कप्तान बाहेर पडताच त्याच्या मागे लागले. कप्तानाने मागे पाहिलं आणि चाल वाढवली. तपासनिसांनीही वाढवली. बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर कप्तान मटकन बसला.

"हात जोडतो साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "कुणाला तरी एकाला पास करून टाका हो!"

"मी? कशात पास?"

"आता कशाला सोंग आणता! गावभर झालंय. ग्रीक जेवण तपासायला वरून माणूस आलाय. लाल पट्टी लावतो, ती निघत नाही, आणि जिथे ग्रीक जेवताना दिसत नाही तिथे टाळं ठोकतो. गावात ग्रीक किती? मी एकटा! कधी मेव्हणा ओढून नेतो, कधी त्याचा दाजी, तो पहिला हॉटेलवाला. मध्ये तो भागीदार गाडी पाठवतो. मंगळवारपासून नऊ वेळा जेवलोय मी."

"म्हणजे तुम्ही तिथे रोज जेवत नाही?"

"तीस वर्षांत एकदा गेलो होतो. वांग्याचा मुसाका मागवला." कप्तानाने आवाज खाली आणला. "त्यात गाजर होतं."

"गाजर नसतं?"

"साहेब, तुम्ही ग्रीक जेवण तपासता ना?"

"मी नळ तपासतो."

"कसले नळ?"

"पाण्याचे. उघडायचे, बंद करायचे."

कप्तानाने त्यांच्या खिशातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं आणि त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं. हसण्यासाठी एक हात पुरला असता, दुसरा नऊ जेवणांसाठी होता. तपासनिसांनी त्याला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षं, कॅलेंडर, गुडघे, घड्याळ. "उद्या शनिवार आहे हो," ते शेवटी म्हणाले.

कप्तानाने मिशा पुसल्या. "तिघं समोर बसून विचारतात, आईच्या हातची चव आहे ना? माझी आई जाळी विणायची. स्वयंपाक बाप करायचा. त्याला एकच पदार्थ यायचा आणि तो मलाही येतो. उद्या बाईंना घेऊन माझ्याकडे या. पण एक अट. माझ्या घरात काहीही तपासायचं नाही. पुरे झाली तपासणी."

"नाही तपासणार," तपासनीस म्हणाले. हा शब्द देणं किती जड जाणार आहे, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी नवराबायको नटूनथटून निघाले. वाटेत तीन हॉटेलं लागली, आणि तीन दारांत तीन मालक अदबीने झुकले.

"तुम्हाला सगळे ओळखतात की!" बायको म्हणाली.

"कामानिमित्त," तपासनीस म्हणाले.

कप्तान दोरखंडाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहत असे. गुडघे धरत चढताना बायको म्हणाली, "ग्रीसलाही अशाच पायऱ्या असतील." वर एकच खोली, तिच्यातच ओटा. भिंती पांढऱ्या, खिडकीतून समुद्र. तोही त्या चित्रातल्यासारखाच, रंग उडालेला. टेबलावर पाव, पांढरं चीज, वाटीभर ऑलिव्ह आणि मोठं पातेलं. कप्तानाने वाढलं, वरून तेलाची धार सोडली, थोडं व्हिनेगर घातलं.

बायकोने चमचा तोंडात घातला. तपासनिसांनी श्वास धरला.

"हे मसूर आहेत," ती म्हणाली.

"मसूर," कप्तान म्हणाला. "आमच्याकडे निम्मा देश हेच खातो. बाकीचं सगळं पाहुण्यांना दाखवायला."

"पंचवीस वर्षं," बायको म्हणाली, "मी या मसुरांची वाट बघत होते." आणि तिने ताटली पुढे केली. "अजून वाढा."

तपासनिसांनी श्वास सोडला. त्या शांततेत त्यांना ते ऐकू आलं. टप्. थोड्या वेळाने पुन्हा, टप्. ते अर्धे उठले. "अट!" कप्तानाने बोट दाखवलं. ते बसले, पण मान वळली होती. ओट्यावरचा नळ गळत होता. आणि त्याच्या मानेवर, वर्षानुवर्षांच्या वाफेला पुरून उरलेली एक हिरवी पट्टी होती. पास. तपासणी विभाग. खालची वळणदार सही त्यांची.

तपासनिसांनी खुर्ची उचलली, ओट्याला लावली, नळाला पाठ दिली, आणि शक्य तेवढे रुंद होऊन बसले.

"हा आवाज कसला?" बायकोने विचारलं.

"नळ," कप्तान म्हणाला. "लावला त्या दिवसापासून गळतोय. कारखान्यात तक्रार घेऊन गेलो होतो. एक साहेब मान वर न करता म्हणाले, पास झालेला नळ गळूच शकत नाही. मग म्हटलं, असू दे. एकट्या माणसाच्या घरात कुणीतरी बोलत असावं."

टप्, असं नळाने म्हटलं. तपासनिसांच्या सदऱ्यात मागून एक थेंब शिरला आणि पाठीच्या कण्यावरून सावकाश खाली गेला. ते हलले नाहीत. दुसरा शिरला. तरीही हलले नाहीत. दोन तास ते एका जागी बसून होते. असं त्यांच्या संसारात पूर्वी कधी घडलं नव्हतं. शेवटी कप्तानाने त्यांना आपल्या जहाजाचा फोटो दाखवायला खिडकीशी नेलं, तेव्हा बायकोने, "बसा हो तुम्ही, एवढी भांडी मी घासते," म्हणत ओटा ताब्यात घेतला. तपासनिसांनी फोटोतलं जहाज पाहिलंच नाही. पण मागून भांड्यांखेरीज कसलाच आवाज आला नाही.

"आज किती शांत बसलात," वाटेत बायको म्हणाली.

"जेवणच तसं होतं," तपासनीस म्हणाले. त्यांची पाठ कमरेपर्यंत ओली होती.

रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरात आले. नळाकडे त्यांचा हात गेला आणि अर्ध्यात थांबला. भिंतीवर घड्याळ नव्हतं, चित्रच होतं. आणि रंग उडालेल्या समुद्राच्या कोपऱ्यात, टाचणीने टोचलेली, तेलकट, सुरकुतलेली एक हिरवी पट्टी होती. सहीसकट.

"अगं, ही... ही निघाली कशी?"

"ऑलिव्ह तेल लावलं थोडं. अलगद निघते," बायको चहा गाळत म्हणाली. "ग्रीसला जाऊन आल्यावर काहीतरी आणायचं असतं ना, आठवण म्हणून."