मुंजाबाचा आवाज साफ होतो

"आवाज कितीबी गढूळ असू द्या, मी तो गाळून देतो," असं रामनं अख्ख्या करमाडला सांगून ठेवलं होतं. शेंद्र्याच्या कंपनीत तो पार्ट तपासायच्या कामाला. एकदा साहेबांच्या घरच्या लग्नाच्या व्हिडिओतून त्यानं जनरेटरची घरघर काढून दिली आणि तेव्हापासून गडी स्वतःला आवाजांचा डॉक्टर समजायला लागला. बायको सत्यशीला घोरते, तेही आपण एका बटणात मिटवू, असं तो चारचौघांत बोलला होता. त्यावर ती काय म्हणाली ते इथं सांगण्यासारखं नाही.

तर अशा या डॉक्टरकडं त्याच्या आईचीच केस आली. बानाबाईनं कमरेची पिशवी सोडली, आतून एक चपटी प्लास्टिकची डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"ह्याच्यात तुझा बाप हाय," ती म्हणाली.

झालं होतं असं, की राम शहरात वसतिगृहात शिकायला होता तेव्हा पुण्याच्या एक मॅडम मेंढपाळांची गाणी गोळा करत गावात आल्या होत्या. दिवसभर त्या माइक धरून रामच्या बापाच्या, मुंजाबाच्या मागं माळावर हिंडल्या आणि जाताना ही चकती देऊन गेल्या. मिनीडिस्क म्हणतात तिला. तेव्हा ती म्हणे लई भारी गोष्ट होती. पुढं ती वाजवायची मशिनं बाजारातूनच गायब झाली, त्यामुळं चकतीत काय आहे ते कुणी कधी ऐकलंच नाही.

मुंजाबा म्हणजे कमालीचा अबोल माणूस. लग्नात सासरच्यांना तो मुकाच वाटला होता. फोन समोर धरला की हा मेंढरांच्या मागं जाऊन उभा, त्यामुळं व्हिडिओ नाही, काही नाही. आता त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. मेंढरांनी तर त्याच्या माघारी ताळच सोडला. बानाबाईनं घसा फोडला तरी ती शेजारच्या काकासाहेबांच्या तुरीत घुसायची ती घुसायचीच. तेही तिनं सोसलं असतं. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी नवऱ्याचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढंच तिला हवं होतं. काहीही बोललेलं असू दे, शिवी असली तरी चालेल, असं तिनं सांगितलं. रामनं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मशीन सापडलं शहरात क्रांती चौकात, एका जुन्या कॅमेरेवाल्याच्या काचेच्या कपाटात. विकायला तो तयार नव्हता, पण बापाचा आवाज म्हटल्यावर वापरायला दिलं. रामनं मशिनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली. चकती जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं, तेव्हा कुठं ती उतरते. उतरली, पण आवाज एवढा बारीक की शेजारी दाळीला फोडणी दिली तर ऐकू येईना. म्हणून रामनं तो वाढवला. वाढवला तशी पाठीमागून 'स्स्स, स्स्स' अशी सळसळ वर आली, आणि त्या सळसळीखाली मेंढरं.

हा मशिनचा रोग, रामनं निदान केलं. त्यावरचं औषध त्याला पाठ होतं. नुसती खरखर असलेला तुकडा निवडून दाखवायचा, की कॉम्प्युटर तसली खरखर सगळीकडून वेचून काढतो. सुरुवातीलाच स्वच्छ 'स्स्स' होती, तीच त्यानं दाखवली. एका दमात सगळी सळसळ गेली. मेंढरांचं बें-बें तर असं खणखणीत आलं, जणू ती सोफ्यावर बसलीत. काढलेली सळसळ कॉम्प्युटरनं वेगळी ठेवली होती. रामनं त्या फाइलला 'कचरा' असं नाव दिलं आणि बापाला शोधायला लागला.

बाप काही सापडेना. आठवडाभर त्यानं कानाला हेडफोन लावून मेंढरं ऐकली. कंपनीत साहेबांनी काही विचारलं तर याच्या तोंडून 'बें' निघायचं बाकी राहिलं होतं. आणि अखेर सापडला! एका ठिकाणी स्पष्ट खोकला होता. दोनदा. रामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो खोकला कापून घेतला, मोठा केला, गोड केला, मंदिरात घुमल्यासारखा घुमवलासुद्धा.

वर्षश्राद्धाला मांडव भरला. मांडववाल्या कडुबानं लग्नातले दांडगे स्पीकर लावले होते. माइक अर्थातच काकासाहेबांनी धरला. मुंजाबा कसा थोर वक्ता होता, असं ते बोलत सुटले. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग रामनं बटण दाबलं आणि मांडव हादरला.

"खॉक! खॉक!"

"तोच! तोच माझा मुंजाबा," म्हणत काकासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. चार-दोन म्हाताऱ्यांनीही पुसले. बानाबाई तेवढी कोरडी बसून होती.

"रामा, ही काणी मेंढी हाय. तिला पावसाळ्यात ढास लागायची. ते कुठंयत?"

मेंढीसाठी रडलेले म्हातारे नाकं शिंकरायच्या निमित्तानं खाली बघायला लागले. घाईघाईनं राम दुसरी काहीतरी फाइल उघडायला गेला आणि दाबली गेली ती 'कचरा'.

'स्स्स्स... स्स्स्. स्स्स्स्स...'

वायर जळाली, असं ओरडत कडुबा मेन स्विचकडं धावला. पण बानाबाई ताडकन उठून उभी राहिली.

"हात लावू नको बटणाला!"

आणि मांडवामागच्या वाड्यातल्या मेंढरांनी माना वर केल्या. कुंपण मोडलं. सगळा कळप रांगेत मांडवात आला आणि स्पीकरसमोर मुकाट उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा कुणाच्या तरी हुकमानं! वाटेतल्या पत्रावळी तेवढ्या त्यांनी साफ केल्या, आणि एकीनं काकासाहेबांचं उपरणं अर्ध्यापर्यंत खाल्लं. काकासाहेबांनी तेही खपवून घेतलं, कारण मेंढरं आज तुरीत नव्हती.

दातांतून काढलेली ती सळसळ म्हणजेच मुंजाबा. जन्मभर त्याचं बोलणं तेवढंच, आणि तेही मेंढरांशी. पोरगा वसतिगृहात वाढला, त्याला कुठून कळणार? बानाबाई स्पीकरला पाठ टेकून बसली. हसत होती का रडत होती ते मेंढरांच्या गर्दीत कुणाला दिसलं नाही. राम मात्र सरळसरळ रडत होता.

"हयातीत एवढं बोलले न्हाईत," ती शेवटी म्हणाली.

मशीन कॅमेरेवाल्याला परत गेलं. 'कचरा' आता बानाबाईच्या फोनमध्ये आहे. दिवस मावळायला ती फोन माळाकडं धरते आणि कळप गुमान घरी येतो. परवा रामला राहवलं नाही. मधेमधे वाऱ्याचा आवाज येतो, तेवढा काढून देऊ का, असं त्यानं भीत भीत विचारलं.

बानाबाईनं फोन पदराखाली घातला.

"लांब हो. एकदा साफ केलंस, तर बाप जाऊन मेंढीच राहिली होती."