हेलिकॉप्टरं कशासाठी अडली

डेलिया ब्रँटने फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, की आपण नुकतीच एका अख्ख्या देशाची हेलिकॉप्टरं अडवली. नोकरीला लागून दोन महिनेही न झालेल्या मुलीच्या मानाने ही कामगिरी वाईट नव्हती.

अमेरिकेला कुणाला लष्करी मदत द्यायची झाली, तर परराष्ट्र खातं आधी सेनेटच्या समितीला विचारतं. समितीच्या अध्यक्षांनी थांबा म्हटलं, की खातं थांबतं. थांबलंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण पुढच्या वर्षी पुन्हा याच माणसांपुढे हात पसरायचे असतात, म्हणून कुणी वाकड्यात शिरत नाही. डेलियाचे साहेब, अध्यक्ष सेनेटर हॉलिस प्रुईट, तर 'थांबा' असंही लिहीत नसत. फायलीवर नुसती कोरी पिवळी चिठ्ठी लावायची. कारण लिहायचं नाही, कारण लिहिलेलं कारण वर्तमानपत्रात जातं. हाताखालच्यांनी विचारायचं नाही. तर गुरुवारी साहेब चार दिवसांसाठी आयोवाला घरी गेले, तारवेनिया नावाच्या चिमुकल्या देशाच्या हेलिकॉप्टरांच्या फायलीवर पिवळी चिठ्ठी दिसली, आणि डेलियाने शुक्रवारी सकाळी खात्यातल्या वेंडेल फ्रिशला तसं कळवून टाकलं.

"अडवलं? कशासाठी?" वेंडेलने विचारलं होतं.

"ते सांगायची पद्धत नाही."

"बाप रे. म्हणजे मोठंच काहीतरी असणार," असं म्हणून वेंडेलने फोन ठेवला होता.

डेलिया मोठ्या ऐटीत बाहेरच्या टेबलाशी गेली. तिथे ओपलबाई संत्रं सोलत होत्या. साहेबांच्या दाराशी बसून त्यांचे केस पांढरे झाले होते.

"तारवेनियाची चिठ्ठी होय?" ओपलबाई म्हणाल्या. "अगं, ती मी लावली. आत हेलिकॉप्टरचा छान रंगीत फोटो आहे ना, साहेबांच्या नातवासाठी त्याची प्रत काढायची होती. विसरू नये म्हणून खूण केली."

"मग साहेबांनी अडवलेलं नाही?"

"साहेबांनी ती फाईल उघडलीसुद्धा नसेल. का गं? बैस बघू आधी, पांढरी पडलीस."

डेलिया बसली नाही. तिच्या जागी आधी जो मुलगा होता, त्याने एका राष्ट्राध्यक्षाला चुकीच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, आणि तो हल्ली ओहायोत विमा विकत होता. ती धावतच जागेवर आली. चूक झाली, सोडा ती हेलिकॉप्टरं, एवढंच वेंडेलला सांगायचं होतं. तिने फोनला हात घातला आणि तोच वाजला.

"तारवेनियाचा राजदूत तुमच्याकडे निघालाय," वेंडेल म्हणाला. "पोचलाही असेल. सांभाळून बोला हं." आणि तिला बोलू न देताच त्याने फोन ठेवला.

राजदूत इल्दान मोरेक हा सडपातळ, थकल्या चेहऱ्याचा गृहस्थ. अक्रोडाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवून तो समोर बसला.

"बाई, साहेबांना आमचं काय खटकलं?"

डेलिया गप्प. सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच.

"समजलो," मोरेकने मान हलवली. "हेलिकॉप्टरं आमच्याच गावांवर फिरवायची नाहीत. लिहून देतो."

तोंड उघडलं तर रडू फुटेल, म्हणून डेलियाने तोंड मिटूनच ठेवलं.

"एवढ्याने भागत नाही तर." मोरेकने उसासा टाकला. "येरिना व्होशला सोडा, असंच ना?"

डेलिया दचकली. येरिना व्होश तारवेनियातली संपादक. राष्ट्राध्यक्षांच्या मेव्हण्याने बंगला कुठल्या पैशातून बांधला, हे छापलं म्हणून दीड वर्षं तुरुंगात होती. तिला सोडल्याखेरीज मदत द्यायची नाही, अशी अट कायद्याच्या मसुद्यात घालावी म्हणून डेलियाने जीव तोडून टिपण लिहिलं होतं. वरच्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ते बाजूला सारलं होतं. आता तीच बाई स्वतःच्या पायांनी समोर येऊन उभी राहिल्यासारखं झालं. डेलियाच्या मनात काही यायच्या आत तिची मान हलली, आणि ती होकारार्थी हलली.

"कळवतो राजधानीला," म्हणून मोरेक गेला.

तिथून पुढे डेलियाच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. सोमवारी साहेब परत येणार. त्याआधी येरिना सुटली तर सुटली, नाहीतर साहेब 'मी कुठे काय अडवलंय?' म्हणणार, हेलिकॉप्टरं जाणार, बाई आतच राहणार आणि डेलियाला ओहायोचा रस्ता. त्यात मोरेकला आयोवाला फोन करायची बुद्धी झाली, तर सोमवारचीही वाट बघायला नको.

वेंडेलचे फोन मात्र सुरूच. "तारवेनियावाले म्हणतात, तिला घरातच नजरकैदेत ठेवतो. चालेल?"

"ते सांगायची पद्धत नाही."

"अजूनही नाही? तुमचे साहेब भलतेच कडक निघाले हो."

मधूनच साहेबांचाही फोन आला. "काय गं डेलिया, तिकडे काही विशेष?"

"काही नाही साहेब," डेलिया म्हणाली आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायला लागली. ओपलबाईंनी तिच्या हातात संत्र्याच्या फोडी कोंबल्या. "नखं खातेस त्यापेक्षा हे खा."

रविवारी दुपारी बातमी आली. येरिना व्होश सुटली होती आणि तिचं विमान व्हिएन्नाला उतरलं होतं. फोटोत ती वाळून काटकी झालेली दिसत होती, पण हसत होती. डेलिया स्वयंपाकघरात एकटीच ढसाढसा रडली.

सोमवारी सकाळी कचेरीबाहेरच्या बाकावर मोरेक बसलेला. साहेब यायला अजून अर्धा तास होता. डेलियाला राहवेना.

"राजदूतसाहेब, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती हेलिकॉप्टरं..."

"नका सांगू, बाई. शुक्रवारी तुमच्याकडे यायच्या आधीच मी तुमच्या साहेबांना घरी फोन केला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कसली हेलिकॉप्टरं? मी म्हटलं, माझाच गोंधळ झाला, माफ करा. मग त्यांच्या शेतातल्या मक्याची चौकशी केली आणि तुमच्याकडे आलो."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मग येरिनाचं नाव..."

"तुम्ही कुठे घेतलंत? मीच घेतलं. दीड वर्षं राजधानीला सांगतोय, तिला सोडा. माझं कोण ऐकतंय? अमेरिकेचा सेनेटर तोंड मिटून बसलाय म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी ऐकलं."

"तुमच्या जवळच्या आहेत का त्या?"

"छे हो. असला नालायक माणूस राजदूत झालाच कसा, म्हणून माझ्यावर अग्रलेख लिहिलाय तिने. त्यातला शब्दन् शब्द खरा होता."

डेलियाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मोरेकने घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने उठला.

"आता तेवढी हेलिकॉप्टरं सोडा, बाई, साहेब यायच्या आत. नाहीतर नालायक म्हणून मला इथून परत बोलावतील, आणि तिकडे व्हिएन्नात ती पुन्हा वर्तमानपत्र काढणार आहे."