शितोळेनानांचे तीन खडू

निवृत्तीनंतर मी देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या गल्लीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या फाटकावर एक जाड पिवळी रेघ उमटली. नगरपालिकेची काही मोजणी चालू असावी असे समजून मी ती महत्प्रयासाने पुसली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. चौथ्या दिवशी मी जरा लवकर उठून पाहिले, तर पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले एक उंच, वयस्कर गृहस्थ माझ्या फाटकाशी वाकून, एक डोळा मिटून, बिजागरीकडे पाहत होते.

“पुसू नका, सर,” मान न वळवता ते म्हणाले. “रेघ तुमच्यासाठी नाही, फाटकासाठी आहे. खालची बिजागरी तिरपी बसलीय. रीवर्क. पंधरा दिवसांनी परत बघीन.”

मी स्वभावाने भिडस्त. बिजागरी दुरुस्त करून घेतली. पंधरा दिवसांनी ते आले, फाटक तीन वेळा उघडले, तीन वेळा लावले आणि रेघ न मारता निघाले.

“म्हणजे पास ना?” मी विचारले.

“पास? छे. विचार चालू आहे म्हणायचं.”

हे शितोळेनाना. त्यांचे पूर्वज पवारांच्या लष्कराबरोबर माळव्यात आले आणि राहिले. नाना स्वतः मात्र उभे आयुष्य औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनत. बनलेला प्रत्येक भाग नानांच्या टेबलावरून जाई आणि त्याच्या अंगावर खडूची खूण होई. लाल म्हणजे रद्द, पिवळा म्हणजे रीवर्क, हिरवा म्हणजे पास. कारखाना बंद होऊन वीस वर्षे झाली. नाना बंद झाले नाहीत, एवढेच.

सदऱ्याच्या खिशात ते तिन्ही खडू अजून बाळगतात. लाल आणि पिवळे वरचेवर संपतात, तेव्हा इंदूरच्या बसने जाऊन ते नवे घेऊन येतात. हिरवा मात्र कारखान्यातून येताना आणलेला तोच. त्याच्यावरचा कागदही त्यांनी सोललेला नव्हता. “कारखान्यात सगळ्यात आधी हिरवाच संपायचा, सर,” ते एकदा म्हणाले. “स्टोअरवाला ओरडायचा, ‘नाना, खाता क्या है हरा?’ बाहेरच्या दुनियेत मालच तसा येत नाही, त्याला मी काय करू?”

त्यांच्या तावडीतून सुटलेली वस्तू मी पाहिलेली नाही. टोमॅटोवाल्याच्या ठेल्याला लाल. रस्त्याच्या नव्या डांबराला, ते गरम असतानाच, लाल. काकूंच्या पोळीवर खडू चालत नाही म्हणून ते तोंडी सांगतात. “लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली,” काकू मला म्हणाल्या, “अजून माझी पोळी रीवर्कमध्येच आहे हो!” कोरी नोट हाती आली की ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहायची, कारण नोटा आमच्याच गावी छापतात आणि नानांच्या मते तो घरचा माल आहे. पण नोटेवर काही लिहिणे बरे नव्हे, हे त्यांना ठाऊक असल्याने तेवढी नोट वाचते.

त्यांच्या पुतणीला पाहायला धारहून मुलगा आला, तेव्हा तर कमालच झाली. पोहे झाले, चहा झाला, मुलगा सर्वांना पसंत पडला. निघताना तो बूट घालू लागला, तर उजव्या बुटाच्या टाचेवर लाल रेघ! “टाच एका अंगानं झिजलीय,” नाना सर्वांदेखत म्हणाले. “चाल तिरपी. पुढं लोड घेणार नाही.” लग्न झाले. आता त्यांची मुले शाळेत जातात. जावई चांगला निघाला ना, असे कोणी विचारले की नाना म्हणतात, “गॅरंटी पीरियड संपू दे, मग बोलू.”

या विक्षिप्तपणाला गाव हसते. मीही हसत असे. पण मला तो कारखाना चालू असतानाचे गाव आठवते, आणि ते आठवले की हसू अर्ध्यावर थांबते. मी त्या वेळी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. सकाळचा भोंगा झाला की माझी पहिली घंटा व्हायची. आग्रा रोड सायकलींनी भरून जायचा आणि प्रत्येक सायकलीच्या दांड्याला डबा लटकलेला असायचा. दसऱ्याला कारखान्याचे फाटक घरच्यांसाठी उघडत. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, प्रत्येक यंत्रापुढे नारळ. माझे विद्यार्थी मला हाताला धरून आत नेत आणि सांगत, “सर, ये हमारे पापा की मशीन है।” यंत्रे वडिलांची नव्हती, मालकाची होती, हे त्यांना फार पुढे कळले. कारखाना बंद झाला त्या वर्षी माझा दहावीचा वर्ग निम्मा झाला. कोणी पीथमपूरला गेले, कोणी गुजरातेत.

त्यानंतर दर निवडणुकीला कोणी ना कोणी हात जोडून गल्लीत येतो आणि कारखाना पुन्हा सुरू करण्याचे वचन देतो. नाना त्याला ओसरीवर बसवतात, पाणी देतात, आणि त्याचे पत्रक त्याच्यासमोरच तपासतात. पत्र्याच्या एका पेटीत त्यांनी सगळ्या निवडणुकांची, सगळ्या पक्षांची पत्रके जपून ठेवली आहेत. कारखान्याच्या ओळीवर सगळीकडे पिवळी रेघ.

“टोमॅटोला लाल आणि यांना पिवळा?” मी एकदा धीर करून विचारले.

“लाल मारला की माल भट्टीत जातो, सर. परत येत नाही. पिवळ्यात निदान येण्याची वाट पाहता येते.”

यंदाच्या निवडणुकीपूर्वी, नवरात्रात, असाच एक तरुण उमेदवार आला. “नाना, आशीर्वाद चाहिए,” म्हणत पाया पडला. नानांनी खिशातून पिवळा खडू काढला आणि पत्रक वाचू लागले. वाचून झाले. त्यांनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. मग चष्मा पुसून परत पहिल्यापासून वाचला. कारखान्याच्या जागेवर भव्य वसाहत होणार होती. बाग, जिम, तरणतलाव. कारखान्याची ओळ कुठेच नव्हती.

“भिया, इसमें तो कारखाना है ही नहीं,” नाना म्हणाले.

“नाना, अब कौन याद करता है? नई सोच है, आगे बढ़ना है।” तो हसला आणि शेजारच्या दाराकडे वळला.

नानांनी खडू खिशात ठेवला. “सर, तपासायला मालच आला नाही,” ते मला म्हणाले. त्यांच्या हातून रेघ न ओढलेले पत्रक मी पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले. देवघरासमोर पाटावर तीन गोष्टी मांडल्या होत्या. लाल रेघ असलेले एक पितळी बुश, म्हणजे मध्ये भोक असलेली जाड कडी. पोलादाचा दोन तोंडांचा एक गेज. आणि एक पिवळी पडलेली पावती.

“बसा. हे एक टोक भोकात गेलंच पाहिजे. दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं तर भोक मोठं, माल रद्द. बघा आणि मला सांगा.”

“मी? अहो नाना, मला यातलं काय कळतं?”

“म्हणूनच. ज्यानं एकदा लाल मारला, त्यानं त्यावर दुबारा निकाल द्यायचा नाही, हा नियम आहे. माझ्याकडं दुसरं माणूस कुठाय?”

मग त्यांनी सांगितले. कारखान्याची शेवटची मोठी ऑर्डर या बुशांची होती. माल गेला असता तर आणखी काही महिने निघाले असते. नानांनी सगळा लॉट लाल केला. ऑर्डर गेली, आणि पंधरवड्यात फाटकाला कुलूप लागले. रद्द मालाच्या पावतीवर दोन सह्या लागत, एक तपासनिसाची आणि एक बनवणाऱ्याची. लेथवर रामसिंग होता. जेवणाचा डबा दोघे वीस वर्षे एकत्र उघडत. त्याने पावती पाहिली आणि सही न करता निघून गेला. त्या वर्षापासून दसऱ्याला नानांच्या घरी सोने द्यायला कारखान्यातले कोणी आलेले नाही.

“आतापर्यंत वाटायचं, कारखाना उघडेल एक दिवस. मग हा हिशोब आपोआप मिटेल. आता उघडत नाही, सर. म्हणून विचारतो. मी बरोबर होतो का?”

मी गेज लावला. पहिले टोक गेले. दुसरेही गेले, अगदी सहज.

“गेलं, नाना! तुम्ही बरोबर होता.”

मला वाटले, ते सुखावतील. त्यांनी बुश माझ्या हातातून घेऊन खिडकीतल्या उजेडात धरले. “बरोबर नाही म्हणता येत,” ते हळूच म्हणाले. “मी रोज बघतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पितळेत पोलाद घालून वीस वर्षं. भोक तेव्हाच मोठं होतं की माझ्या तपासण्यानं झालं, हे आता कोण सांगणार?”

 पण कोण सांगू शकेल, हे मला ठाऊक होते. रामसिंग बसस्टँडजवळ पोह्यांचा ठेला लावतो. दर रविवारी मी तिथेच पोहे खातो, आणि नाना त्या बाजूला जायचे असेल तर लांबच्या गल्लीने जातात, हेही मी पाहिले होते. कोणाला कधी काही विचारायचे नाही, अशा बेताने मी आयुष्य काढले. त्या रविवारी मी पोहे मागवले, संपवले, पुन्हा मागवले, आणि तिसरी बशी हातात असताना त्या शेवटच्या बुशांविषयी विचारले.

रामसिंगचा हात शेवेच्या डब्यात तसाच राहिला.

“नाना ने पूछा है?”

“नहीं। मैं पूछ रहा हूँ।”

“टूल घिसा हुआ था, सर,” तो म्हणाला. “तीन महीने से नया माँग रहा था। स्टोर में था ही नहीं, सेठ ने खरीदना बंद कर दिया था। कारखाना तो तभी मर गया था। वो माल पास होता तो किसी किसान के खेत में टूटता।”

“फिर दस्तखत?”

त्याने उलथन्याने पोहे एका बाजूला ओढले. “दस्तखत करता तो सब कहते रामसिंह ने बंद कराया। नहीं किया, तो सब नाना पर चला गया। मैंने जाने दिया।” मग डोळे पुसत, कांद्याला दोष देत तो म्हणाला, “आप बता देना उनको।”

“मैं केमिस्ट्री पढ़ाता था, भिया,” मी म्हणालो. “उस पर्ची पर दो ही नाम की जगह है।” एवढे बोलून मी घाईने निघालो. 

दसऱ्याला मी आपट्याची पाने घेऊन नानांकडे गेलो. देवघरात झेंडू वाहिलेला गेज होता, शेजारी बुश होते, पावती नव्हती. नानाही नव्हते.

“सकाळी रामसिंग आला होता हो, वीस वर्षांनी,” काकू म्हणाल्या. “दारातच उभा राहिला. मग हे पावती आणि पेन घेऊन त्याच्याबरोबर गेले. पोहे खायला म्हणे. माझ्या हातचे आजवर पास केले नाहीत, आणि बाहेरचे खायला गेले!”

नंतरच्या रविवारी मी ठेल्यावर गेलो. रस्त्यावरून त्या उमेदवाराची प्रचारगाडी जात होती, तरणतलावाची वाक्ये कर्ण्यातून सगळ्या बसस्टँडवर सांडत होती. रामसिंगने माझी बशी भरली. ठेल्याच्या फळीवर, परातीच्या अगदी शेजारी, एक जाड हिरवी रेघ होती.

“खाए भी नहीं थे,” तो म्हणाला. “पहले मार्क किया, फिर खाए।”

मग ओला फडका घेऊन तो फळी पुसू लागला. इकडून पुसत आला, रेघेपाशी थांबला, फडका उचलला, आणि पलीकडून पुन्हा पुसायला सुरुवात केली.