रिक्षातल्या बाईंचा आवाज

कौस्तुभ सुर्वेचा गेम स्टुडिओ विकत घ्यायला पुण्याची एक कंपनी तयार झाली होती. मीरा रोडला मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं आणि एक चाललेला गेम, एवढाच तो स्टुडिओ. गेममध्ये शेअर रिक्षा चालवायची आणि मागे बसलेल्या बाईंची बोलणी खायची. "अरे मेल्या, खड्डा दिसत नाही? माझी कंबर काय भाड्याची आहे?" हे ऐकायला लोक रोज परत येत.

किंमत ठरवायला कंपनीकडून नेहा कारखानीस आली. कौस्तुभने खुर्च्या पुसून, कंप्युटर नीट मांडून ठेवले होते. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"मशिनं नवी आणता येतात, प्रोग्रॅमही पुन्हा लिहिता येतो," ती म्हणाली. "खेळणारा परत का येतो, त्याची आम्ही किंमत देतो. काही जणांना आम्ही बाईंचा आवाज काढून गेम दिला. निम्मे दुसऱ्या दिवशी फिरकलेच नाहीत. कोण आहेत या?"

"प्रोफेशनल आर्टिस्ट आहेत," कौस्तुभ म्हणाला.

"करार झालाय ना?"

"म्हणजे... करायचाय."

"मग उद्या भेटवा. त्यांची सही नसेल, तर इथे विकत घेण्यासारखं फारसं काही नाही."

आवाज कौस्तुभच्या आईचा होता. गेम बनत असताना एकदा अंबिकाबाई स्कूटरवरून उतरल्या उतरल्या त्याच्या बाबांवर, दशरथरावांवर, घसरल्या होत्या. त्याने दाराआड उभं राहून ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चांगली आर्टिस्ट मिळाली की बदलू, असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं.

नवघरच्या घरी पोचल्यावर त्याने सगळं सांगितलं आणि गेम लावून फोन आईपुढे ठेवला. अंबिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे मी तुझ्या बाबांना बोलले होते."

"हो."

"किती लोकांनी ऐकलं?"

"असतील तीन-चार लाख."

दशरथरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मी तर कधीपासून खेळतोय. मला वाटलं, ज्याला त्याला आपापल्या घरातला आवाज येतो."

कुणी हसलं नाही. अंबिकाबाईंचे डोळे भरून आले होते. "लाखो लोकांत मला भांडखोर केलंस, आणि आता विकायलाही काढलंस. एकदा विचारायचंस तरी!"

कौस्तुभ म्हणाला, "चुकलं, आई. तू नको म्हणालीस तर उद्या त्यांना नाही म्हणून सांगतो."

अंबिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "येते मी. पण ते आर्टिस्टबिर्टिस्ट काही सांगायचं नाही. आई आहे म्हणून सांगायचं."

दुसऱ्या दिवशी त्याने खरं ते सांगितलं. नेहाने शांतपणे ऐकून घेतलं आणि अंबिकाबाईंना विचारून आवाजाचा करार करून घेतला. मग ती म्हणाली, "आता शेवटची अट. ज्या माणसावर गेम चालतो, त्याने पुढची तीन वर्षं आमच्याकडे काम करायचं. तरच उरलेली निम्मी रक्कम."

या क्षणाची कौस्तुभने आठवडाभर तयारी केली होती. तो ताठ बसला. "मी तयार आहे."

नेहा जरा अवघडली. "तुम्ही नाही. अट यांच्यासाठी आहे. नवे संवाद लागतील ना."

कौस्तुभ आपल्या हातांकडे बघत होता. अंबिकाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"आणि याचं काय?"

"सहा महिने ठेवू. मग बघू."

"बघू नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "हा असेपर्यंत मी. याला काढलंत तर मी तोंड उघडणार नाही."

नेहाने लॅपटॉप पुढे ओढला. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती कौस्तुभकडे नीट वळली.

"तुम्हाला नक्की काय काय येतं?"

कौस्तुभने घसा खाकरला. तो काही बोलायच्या आत अंबिकाबाईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "चहा बरा करतो."

नेहाने तेही गंभीरपणे टाइप केलं.