माकडांना पाहुणे दाखवणारी शेवंतामावशी

पाहुण्यांना माकडं दाखवणारे पुष्कळ. शेवंतामावशी माकडांना पाहुणे दाखवायची.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावाबाहेरच्या बागेत छोटं प्राणिसंग्रहालय निघालं. तिथं माकडं मोकळी. लोकांनी त्यांच्यातूनच चालायचं. फाटकाशी मावशी. आधी खिसे रिकामे करून घ्यायची, मग तळहात बघायची. "दात झाका. दात दिसले की त्यास्नी वाटतं, भांडायला आलाव." मग आत तोंड करून मोठ्यानं, "ऐका गं बायांनो! हे उदगीरचे पाव्हणे. सासुरवाडीला आलेत. हात रिकामे हायत."

मी सातवीतच शाळा सोडलेला, कामासाठी हिमायतनगरहून इतक्या लांब झाडलोटीला आलेला. लग्न झालेला गडी, पण पहिल्या दिवशी फाटकाचा गज धरून उभा राहिलो. मावशीनं दंड धरून फिरवलं. "हा आपलाच हाय. लई भितो. बायकू-लेकरं गावाकडं हायत, उगं खेकसू नका." माझ्यासाठी एवढा शब्द आजवर कुणी टाकला नव्हता.

एकदा नवे कलेक्टर आले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा हसा."

"हसायचं ते फाटकाच्या भाईर!" मावशी कडाडली.

साहेबांनी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: साहेब, मावशी आणि माकडं, सगळे दहाव्याला बसल्यासारखे गंभीर. तो कापून मी घरी पाठवला. खाली लिहिलं, 'मधली आमची मावशी.'

मग पावसानं दडी मारली. टँकर माणसांनाच पुरेना. माकडं पाणी असलेल्या जंगलात सोडायचं ठरलं. आम्हाला वाटलं, मावशी फाटकात आडवी पडणार. ती म्हणाली, "न्या. हिथं तहानेनं मरतील. पर मी चढवीन. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

गाडी आली. शेंगदाणे दाखवत, नावानं हाका मारत तिनं एकेक माकड पिंजऱ्यात चढवलं. राहिली म्हातारी पारी. तिला न बोलावताच मावशी लिंबाखाली बसली आणि अंबाडा सोडला. पारी रोजची सवय असल्यासारखी पाठीशी आली, पांढऱ्या केसांत सावकाश बोटं फिरवू लागली.

"मावशी, ड्रायव्हर खोळंबलाय," मी म्हणालो.

"जरा थांब की लेका." तिचे डोळे मिटलेले. "मालक गेल्यापासून दुसरं कोण हात लावतंय रं डोक्याला?"

ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि विडी ओढायला लांब निघून गेला.